तिसऱ्या कागदावरचा खडक

"साडेसहा."

"बरोबर."

"सात. त्याच्या खाली अकरा."

"बरोबर. पुढे."

"नऊ."

"बरोबर."

विनयाने नकाशावरचं बोट उचललं नाही. समोर तिचे वडील, चिंतामणराव आठल्ये, स्वतः काढलेल्या ट्रेसिंगवर भिंग धरून वाकले होते. रविवार होता. सकाळचे नऊ वाजले होते आणि इंदापुरातल्या त्यांच्या दोन खोल्यांत खिडकीतून भरपूर ऊन येत होतं. तिने मूळ नकाशावरचा समुद्राच्या खोलीचा आकडा वाचायचा आणि तो आपल्या ट्रेसिंगवर आहे ना, हे त्यांनी बघायचं, असं चाललं होतं. दहा मिनिटांपासून तिला काहीतरी खटकत होतं. भिंग आकड्यावर नव्हतंच. ते दोन बोटं डावीकडे होतं आणि वडील मान तिरकी करून डोळ्याच्या कडेने बघत होते.

पुढचा आकडा आठ होता.

"चौदा," ती म्हणाली.

"बरोबर."

"बावीस." तिथे काहीच नव्हतं.

"बरोबर. थांबतेस कशाला?"

विनया शाळेत गणित शिकवायची. फळ्याकडे न बघता 'हो बाई' म्हणणारी मुलं ती रोज बघत होती. तिने मूळ नकाशा बाजूला सारला आणि वडिलांच्या ट्रेसिंगवरच्या एका आकड्याखाली बोट ठेवलं.

"हा वाचा, बाबा."

चिंतामणराव वाकले. मान डावीकडे केली, मग उजवीकडे. भिंग वर-खाली केलं. मग ते टेबलावर ठेवून दिलं.

"त्या सोनबाच्या प्रिंटच्या दुकानात अमोनियाने डोळे चुरचुरतात. दोन दिवसांत उतरेल."

"किती दिवस झाले?"

"सांगतोय ना, अमोनिया–"

"बाबा, किती दिवस?"

ते खिडकीकडे बघत राहिले. "मागच्या दिवाळीपासून. नाही. त्याच्या मागच्या."

टेबलावर सहावा आणि सातवा नकाशा होता. पहिले पाच कागद वडिलांनी एकट्यानेच तपासले होते. त्यांच्या प्रिंटा घेऊन दादासो कोकरे गुरुवारी दाभोळला गेला होता. उद्या, सोमवारी पहाटेच्या भरतीला, त्याची बोट समुद्रात जाणार होती.

"त्या पाच कागदांत काय आहे?" तिने विचारलं.

"मला माहीत नाही," चिंतामणराव म्हणाले.

चिंतामणराव पाटबंधारे खात्याच्या इंदापूरच्या कचेरीत ट्रेसर होते. एकतीस वर्षं त्यांनी कालवे, चाऱ्या आणि मोऱ्यांचे नकाशे पारदर्शक कागदावर शाईने उतरवले होते. त्यावरून मग अमोनियाच्या यंत्रात हव्या तेवढ्या प्रिंटा निघत. त्यांच्या शीटवर खाडाखोड नसे. पुण्याच्या मोठ्या कचेरीतले साहेबसुद्धा कागद उलगडला की, "हा आठल्यांचा हात," म्हणत. विनयाची आई गेल्यावर ते टेबल आणि ही मुलगी, एवढंच त्यांच्याकडे उरलं होतं.

दादासो त्यांच्याकडे आला तो सप्टेंबरात, चौऱ्याण्णव साली. लासुर्ण्याचा, मेंढपाळाच्या घरातला. नौदलात पंधरा वर्षं काढून परत आलेला. दोन जुन्या सोबत्यांबरोबर त्याने दाभोळला एक जुनी शिडाची बोट घेऊन दुरुस्त केली होती आणि तिघांना किनाऱ्याकिनाऱ्याने कोचीपर्यंत जायचं होतं. नवे नकाशे घ्यायचे तर सातांच्या किमतीत बोटीचं नवं शीड झालं असतं. बारामतीला बापूसाहेब म्हणून निवृत्त कप्तान राहत. त्यांनी स्वतःचे नकाशे उसने दिले. ते घेऊन दादासो सोनबाच्या प्रिंटच्या दुकानात गेला, तर सोनबाने हात झटकले.

"कागद जाड हाय, पाव्हणं. यातनं उजेड पलीकडं जात न्हाय, मंग छापा उठायचा कसा? आधी हातानं ट्रेस करून घ्या. इंदापुरात आठल्ये म्हणून हायती. दुसऱ्या कुणाला जमायचं न्हाय."

चिंतामणरावांनी आधी नकार दिला होता. पण दादासोने कागद उलगडला आणि ते बघतच राहिले. आयुष्यभर त्यांनी जमीन काढली होती. पाणी म्हणजे दोन रेघांमधली कोरी जागा. इथे सगळं उलटं होतं. जमीन कोरी आणि पाणी आकड्यांनी गच्च भरलेलं.

"तुम्हाला हे समुद्राचं वेड कुठून लागलं?" त्यांनी विचारलं होतं.

"मेंढरांमुळं, सायब," दादासो म्हणाला. "दिवाळी झाली की आमचा मेंढरांचा वाडा कोकणात उतरायचा. आठ वर्साचा व्हतो. एका टेकाडावरनं बघितलं तर म्होरं रानच न्हाय, नुसतं पानी. आई म्हनली, हितनं मागं फिरायचं. तवाच ठरवलं, आपुन न्हाय फिरायचं."

त्या दिवशी डोळ्यांचं सांगायला हवं होतं. चिंतामणराव बोलले नाहीत. बोलले असते, तर ती गोष्ट कचेरीत पोचली असती आणि टेबल गेलं असतं. शिवाय रेघ अजून सरळ येत होती. ती हाताला पाठच होती. आकडे तेवढे मधूनच विरघळत.

विनयाने पाचही ट्रेसिंगांची गुंडाळी काढली. "मूळ नकाशे कुठे आहेत?"

"दादासोने गुरुवारीच बापूसाहेबांना परत दिले."

"मग चला बारामतीला."

"विनू, त्यांना काय सांगू मी?"

"ते गाडीत ठरवा. आधी दाभोळला फोन करू."

दादासोने जेट्टीजवळच्या बर्फाच्या कारखान्याचा नंबर दिला होता. स्टँडसमोरच्या एस.टी.डी. बूथवरून पाच वेळा फिरवला तेव्हा लागला. पलीकडच्या माणसाने सांगितलं की तिघं बोट घेऊन चाचणीला बाहेर गेलेत, सांजच्याला येतील. काय निरोप सांगू? चिंतामणरावांनी रिसीव्हर कानाला तसाच धरला. विनयाने तो त्यांच्या हातातून घेतला आणि म्हणाली, "आम्ही सहा वाजता परत फोन करतो. दादासो कोकऱ्यांना तिथे थांबवून ठेवा. फार महत्त्वाचं आहे."

अकराच्या गाडीने ते निघाले. निमगाव केतकीला आठवड्याचा बाजार असावा तशी गर्दी चढली. विनयाने गुंडाळी छातीशी धरून ठेवली. लासुर्ण्याला उसाच्या ट्रॅक्टरमागे गाडी अर्धा तास अडकली. चिंतामणराव सारखे घड्याळ कानाशी नेत होते. काटे दिसत नसल्याने ते वेळ तिलाच विचारत होते, हेही आज तिच्या लक्षात आलं.

बापूसाहेब ओसरीवर वर्तमानपत्र वाचत बसले होते. सत्तरीचे, ताठ. चिंतामणरावांनी नाव सांगताच ते उठून उभे राहिले.

"आठल्ये म्हणजे तुम्हीच! काय हात आहे हो तुमचा. दादासोनं प्रिंटा दाखवल्या मला. मी म्हणालो, मूळ नकाशापेक्षा ह्याच घेऊन जा."

"त्यांत चुका आहेत," चिंतामणराव म्हणाले.

"मला तर एकही दिसली नाही."

"रेघा चांगल्या असल्या की चूक दिसत नाही."

"किती आहेत?"

"माहीत नाही. माझे डोळे गेलेत. म्हणजे जाताहेत. मी कुणाला सांगितलं नाही."

बापूसाहेबांनी वर्तमानपत्राची घडी घातली. चेहऱ्यावरचं हसू मावळलं होतं.

"आठल्ये, नकाशाच नसता तर ती पोरं घाबरत घाबरत गेली असती. दर हाताला दोरी सोडून पाणी मोजलं असतं. तुमची ही रेघ बघून ती निर्धास्त जातील. कळतंय ना, काय केलंत?"

"हो."

"आत या. फोन करून आधी त्यांना थांबवू... छे, फोन आठवडाभर मेलाय माझा."

"सहाला ते बोटीवरून परत येतील, तेव्हा स्टँडवरून फोन करायचाय," विनया म्हणाली.

"किती वाजले? दीड. सहापर्यंत पाच कागद. पोरी, तुझे डोळे चांगले आहेत ना?"

जेवणाच्या मोठ्या टेबलावर नकाशे पसरले. बापूसाहेब वाचू लागले आणि विनया ट्रेसिंगवर शोधू लागली. चिंतामणरावांना करायला काहीच नव्हतं. ते भिंतीशी खुर्चीवर बसले.

"सोळा."

"आहे."

"बारा."

"आहे."

"तीन."

"... आठ लिहिलंय."

विनया वहीत टिपून घेत होती. दर वेळी ती थांबली की चिंतामणराव खुर्चीचा हात घट्ट धरत. पहिल्या कागदावर चार चुका निघाल्या, दुसऱ्यावर तीन. बहुतेक खोल पाण्यातल्या होत्या, बोटीला त्यांनी फरक पडला नसता. बापूसाहेबांचा आवाज जरा सैल झाला. चहा आला, तसाच गार झाला. साडेतीनला तिसरा कागद घेतला, एका खाडीचा मोठ्या मापाचा नकाशा.

"सात. पुढे आठ."

"आहे. आहे."

"मधे खडक."

विनयाचं बोट ट्रेसिंगवर पुढे गेलं, मागे आलं.

"कसला खडक?"

"अधिकाचं चिन्ह. त्याच्या चार कोपऱ्यांत चार ठिपके. सात आणि आठच्या मधोमध."

"इथे काही नाहीये," विनया म्हणाली. "कोरं आहे."

बापूसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि स्वतः ट्रेसिंगवर वाकले. मग ते कितीतरी वेळ सरळ झाले नाहीत.

"बोट किती पाण्यात बसते, बोलला होता का दादासो?"

"दीड मीटर," चिंतामणराव खुर्चीवरून म्हणाले.

"हा खडक ओहोटीला पाण्याच्या बरोबरीला येतो. वारा नसला तर वरून दिसतही नाही. आणि ह्याच खाडीत उद्या त्यांचा पहिला मुक्काम आहे. मीच सांगितलंय तिथे थांबा म्हणून."

घरात कुठेतरी नळ गळत होता. चिंतामणराव उठून टेबलाशी आले. त्यांनी विनयाचा हात धरून बोट त्या जागेवर टेकवायला लावलं आणि मान तिरकी करून बघितलं.

"मला आठवतंय," ते म्हणाले. "इथे मला कोरं दिसलं. म्हणून मी कोरं ठेवलं."

सव्वापाचला पाचवा कागद संपला. एकूण एकोणीस चुका होत्या. बापूसाहेब म्हणाले, "चार कामाच्या आहेत. तेवढ्या सांगा, बाकीच्या सोडा. तुमच्याकडचा सहावा-सातवा मूळ नकाशा मागवून मी माझ्या गोव्याच्या मित्राकडे पाठवतो, ते तिथून उचलतील."

"एकोणीसच्या एकोणीस सांगणार," चिंतामणराव म्हणाले.

"जागा कशी सांगाल? तुमच्या प्रिंटा यंत्रात थोड्या ताणल्या गेल्या असतील."

"कागदाच्या कडेपासून मोजलं तर फरक पडेल. जवळच्या खुणेपासून सांगतो. विनू, पट्टी घे. प्रत्येकीचं अंतर मिलिमीटरमध्ये लिही."

बारामती स्टँडजवळच्या बूथवर रविवारची रांग होती. काचेची खोली, पण तिचं दार लागत नव्हतं. रांगेत अंड्यांची टोपली घेतलेली एक बाई, कॉलेजची दोन मुलं आणि त्यांच्यामागे चिंतामणरावांच्याच कचेरीतले शाखा अभियंता यशराज देवकाते उभे होते. त्यांचं घर बारामतीतच होतं. "अरे, आठल्ये! इकडे कुठे?" ते म्हणाले. चिंतामणरावांनी आवाजावरून ओळखलं. बापूसाहेबांनी रांगेतल्या सगळ्यांना हात जोडून पुढची पाळी मागून घेतली.

सहा वाजता फोन लागला नाही. सव्वासहाला घरघर आली आणि बंद झाली. साडेसहाला पलीकडून आवाज आला, पण विहिरीच्या तळातून यावा तसा.

"दादासो? मी आठल्ये!"

"बोला सायब! थांबलोय की तुमच्यासाठीच. उद्या पहाटं निघतोय बगा."

"कागद चुकलेत!"

"ऑं? काय म्हनता? ऐकू येत न्हाय!"

"नकाशे! नकाशे चुकलेत!"

"कुनाचे?"

"माझे! मी काढलेले! तुझ्याकडचे पाचही!"

"चेष्टा करताय व्हय? तुमच्या हातचं चुकलं म्हनून कोन सांगंल?"

चिंतामणरावांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. रांगेतली कुजबुज थांबली होती. देवकाते तीन पावलांवर होते.

"दादासो, ऐक! मला दिसत नाही! डोळ्यांनी दिसत नाही मला! आकडे दिसत नाहीत!"

तार नुसती सूं सूं करत राहिली.

"सायब," शेवटी पलीकडून आलं. आवाज आता अगदी स्पष्ट होता. "हे तुमाला आज कळलं?"

"हो. आज सकाळी मुलीनं..." चिंतामणराव थांबले. "नाही. खोटं बोललो. दोन वर्षांपासून कळत होतं."

"आमी तिघं हाय हितं. तिघांची घरं हायती."

"माहीत आहे."

"आईला सांगून आलोय, सायबाच्या हातचा कागद हाय, काळजी करू नगंस."

विनया पुढे झाली, पण त्यांनी हाताने तिला थांबवलं.

"पहाटे निघू नकोस असं मी म्हणणार नाही," ते म्हणाले. "ते तू ठरव. पण एकोणीस चुका आहेत. कप्तानांनी आणि विनयाने मूळ नकाशाशी ताडून काढल्यात. मी नाही. त्या लिहून घे. मग काय ते ठरव."

मग दादासो कुणावर तरी ओरडला, "आरं, ती नकाशाची गुंडाळी आन! आनि लाल पेन्शिल!"

"सांगा," तो फोनवर म्हणाला.

विनया वहीतून वाचायची आणि चिंतामणराव ते शब्द ओरडून पुढे सांगायचे. "पहिला कागद. बंदराच्या तोंडापासून सरळ खाली बावीस मिलिमीटर. आठ लिहिलंय तिथे तीन कर. केलंस? म्हणून दाखव." दादासो म्हणून दाखवायचा. दोनदा फोन तुटला, दोनदा परत लागला. रांगेतलं कोणी कुरकुरलं नाही. अंडीवाल्या बाईने टोपली खाली ठेवली होती.

"तिसरा कागद. खाडीचा दीपस्तंभ सापडला? त्याच्या ठिपक्यापासून सरळ खाली एकतीस. तिथून डावीकडे बारा. काय आहे तिथे?"

"कायच न्हाय. सात आनि आठच्या मधी मोकळं हाय."

"तिथे खडक आहे."

"कसला?"

"ओहोटीला पाण्याबरोबर येणारा. फुली मार. मोठी मार."

पेन्सिलचा आवाज फोनवर येणं शक्य नव्हतं. तरी चिंतामणराव कान देऊन थांबले.

"मारली," दादासो म्हणाला.

एकोणिसावी चूक झाली तेव्हा सात वाजून गेले होते. शेवटी दादासो एवढंच बोलला, "ठेवतो सायब. कामं हायती." आणि फोन बंद झाला.

चिंतामणराव बाहेर आले. अंगातला सदरा घामाने पाठीला चिकटला होता. देवकाते बाजूला झाले. "आठल्ये, मी..." त्यांनी सुरुवात केली आणि मग फक्त, "सावकाश जा," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला चिंतामणराव उपअभियंत्यांसमोर उभे राहिले आणि त्यांनी सगळं सांगितलं. देवकाते एक शब्दही बोलले नव्हते, हे साहेबांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. साहेबांनी त्यांना बसायला सांगितलं, पाणी मागवलं. मग निवृत्तीचा अर्ज लिहायला कागद दिला. तो विनयाने संध्याकाळी लिहिला.

पुण्याच्या डॉक्टरने दोन्ही डोळ्यांत थेंब घालून बराच वेळ बघितलं. मोतीबिंदू असता तर काढता आला असता, पण हा पडद्याचा आजार होता. "मधलं जाईल. कडेचं राहील. घरात फिरता येईल," तो म्हणाला. वाचणं, लिहिणं विसरा, हे त्याने वेगळं सांगितलं नाही.

दादासोचं काहीच कळलं नाही. बापूसाहेबांकडे जानेवारीत त्याचं एक पत्र आलं, गोव्याहून. नकाशे मिळाले, एवढंच. चिंतामणरावांनी ते विनयाकडून दोनदा वाचून घेतलं. त्यांच्याबद्दल त्यात काही नव्हतं.

एप्रिलमध्ये एका सकाळी दादासो दारात उभा राहिला. उन्हाने काळा पडलेला, दाढी वाढलेली. बरोबर त्याची आई होती, साखरबाई. तिचे डोळे दाखवायला तो इंदापूरच्या दवाखान्यात आला होता, असं तो म्हणाला. विनयाने चहा आणला.

"निघालो व्हतो त्याच पहाटं," दादासो अचानक म्हणाला. "दोस्त नगं म्हनत व्हते. कागदच खोटे म्हनले. म्या म्हनलं, ज्यानं एकुनीस सांगितल्या त्यानं इसावी लपवली नसंल."

चिंतामणराव मान खाली घालून ऐकत होते.

"त्या खाडीपाशी पोचलो तर ओहोटी. पानी आरशावानी. आमी फुलीपासनं लांबनं घेतली बोट. मंग एक लाट आली आनि तितं पांढरं फुटलं. एकदाच. तिघांनी बघितलं." त्याने कपातला चहा संपवला. "राग व्हता, सायब. गोव्यापतुर व्हता. मंग त्यो कुठं गेला ठावं न्हाय."

साखरबाईंना हे सगळं नवीन असावं. त्या एकदा मुलाकडे, एकदा चिंतामणरावांकडे बघत राहिल्या.

विनया शाळेत गेली. चिंतामणराव पाहुण्यांना पोचवायला स्टँडवर गेले. दादासो पलीकडच्या गाड्यावर आईसाठी रस आणायला गेला. ऊन तापलं होतं. साखरबाई आणि चिंतामणराव बाकावर बसले होते.

"लय लांब गेलं व्हतं माझं पोर," त्या म्हणाल्या. "दिसतच न्हवतं."

"हो," चिंतामणराव म्हणाले.

एक गाडी धूळ उडवत फलाटाला लागली. साखरबाई पदर सावरत उठल्या.

"सायब, ही लासुर्न्याची हाय का वो? मला पाटी वाचाया येत न्हाय."

चिंतामणरावांनी मान तिरकी करून गाडीकडे बघितलं. पाटीच्या जागी एक पांढुरका चौकोन होता.

"मलाही येत नाही," ते म्हणाले. "चला, कंडक्टरला विचारू."

आणि ते साखरबाईंबरोबर गाडीकडे चालू लागले.